घंटागाडीतला ढावलो

हेमला नायकाच्या तांड्यातली पोरगी सासरी जायला निघाली, की तिला रडवायचं काम रामीबाईचं असे. यात हसण्यासारखं काही नाही. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी नुसती मुसमुसत नाही, ती गाऊन रडते. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. आधी आईच्या गळ्यात पडायचं, मग बापाच्या, मग भावाच्या, काकीच्या, मैत्रिणींच्या. ज्याच्या गळ्यात पडलो त्याचं नाव घ्यायचं, त्यानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आणि शेवटचं अक्षर लांब ओढत सोडून द्यायचं. शब्द ज्याचे त्याचे, चाल सगळ्यांची एकच. आणि या तांड्याची रीत अशी, की सुरुवात नवरीनं करायची नाही. जाणती बाई पहिली हाक घालते, 'याडी... बापू...', म्हणजे आई, बाबा. ती हाक कानावर पडली, की कालपर्यंत मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेली पोरगीसुद्धा आतून फुटते.

ती पहिली हाक रामीबाईची. बाई साठीच्या पुढची, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. घेरदार फेटिया म्हणजे घागरा आणि आरशांची कांचळी म्हणजे चोळी रोज घालणाऱ्या दोनच बायका तांड्यात उरल्या होत्या, त्यातली ती एक. लग्न ठरलेल्या पोरींना ती पावसाळ्यापासून घरी बोलवायची आणि म्हशीपुढे उभी करून गायला लावायची. म्हशीनं रवंथ थांबवलं नाही, तर 'तिले काई वाटलं नाई, तुह्या बापाले काय वाटन,' म्हणून परत पहिल्यापासून. पोरी कंटाळायच्या, मागून तिची नक्कल करायच्या, पण लग्नाच्या दिवशी तिला सोडायच्या नाहीत. दिग्रसकडच्या तांड्यांतूनही तिला न्यायला गाडी यायची. परत येताना ओटीत नारळ आणि अंगावर नवी ओढणी घेऊन ती पुढच्या सीटवर बसून यायची, आणि ड्रायव्हरला वाटभर हळू चालव म्हणून टोकायची.

आता तिची स्वतःची नात लग्नाला आली होती. बबिता. बबिताची आई ती लहान असतानाच गेली. बाप लखन पुण्याकडे बांधकामावर, तो दिवाळीला आणि मतदानाला येई. पोरीला वाढवलं ते रामीबाई आणि तिचा नवरा लखीराम यांनी. ढावलोत नवरी आधी आईपाशी रडते, आणि बबिताला आई नव्हती. मग ती कुणाच्या गळ्यात पडणार, हे दोघींना न बोलता ठाऊक होतं. बाकीच्या पोरींसाठी रामीबाई हाक घालून बाजूला व्हायची. या वेळी हाक तिनंच घालायची आणि रडणंही तिनंच अंगावर घ्यायचं. आयुष्यात एवढा एक ढावलो तिला स्वतःसाठी हवा होता. लखीरामजवळ ती बोलून गेली होती, 'हा झाला का मंग गळा गेला तरी चालते.'

घरातलं हे बोलणं गोरबोलीतलं. इथे ते वऱ्हाडीत दिलं आहे, कारण गोरबोली लिहायची म्हटली तर ती नेमकी कशी लिहायची यावर तांड्यातल्या दोन मास्तरांचंही अजून एकमत नाही.

तांड्याच्या शेजारचं गाव हिवरदरी. पुसदच्या वाटेवरचं, कापसाच्या दोन जिनिंग गिरण्या, एक कॉलेज आणि भरपूर पुढारी असलेलं. तिथे आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. हद्द वाढवताना हेमला नायकाचा तांडाही शहरात घेतला. आपण एका रात्रीत शहरातले झालो, हे तांड्याला कळलं ते घरपट्टीवरून. पाणी जुन्याच विहिरीचं राहिलं, रस्ता जुनाच राहिला. नवीन आला तो कचरा. शहर म्हटलं की कचरा आला, कचरा म्हटलं की तो टाकायला जागा आली, आणि जागा म्हटली की साऱ्या गावाची नजर आपोआप तांड्याकडे वळली. तांड्यासमोर गिट्टीची जुनी खदान होती. साऱ्या हिवरदरीचा कचरा तिथे पडायला लागला. उन्हाळ्यात तो आपोआप पेटायचा आणि आठवडाभर धुमसत राहायचा. पावसाळ्यात तो शेजारच्या सोयाबीनमध्ये वाहत यायचा. गावातून सकाळी फिरणारी घंटागाडी तांड्यात कधीच कचरा न्यायला येत नसे. ती दुपारी कचरा टाकायलाच येई, आणि तेव्हा घंटा बंद असे.

रामीबाईला त्या वासाची सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते, नाइलाज असला की लवकर होते. पण पुसदकडचे पाहुणे बबिताला बघायला आले, तेव्हा त्यांना सवय नव्हती. नवरा मुलगा प्रेम, मोबाइलच्या दुकानात कामाला. पोरगी पसंत पडली, चहा झाला, आणि मुलाच्या मामानं रुमालानं नाक पुसता पुसता विषय काढला.

'लगन पुसदले कार्यालयात करू. इथं पंगत बसन कशी? वरातीतले लोक घास गिळन का?'

'लगन पोरीच्या तांड्यात होते,' रामीबाई म्हणाली.

'होत होतं. आता कार्यालयात सारं भेटते. डीजे भेटते, जेवण भेटते, दुपारी चारले हॉल खाली करा का सुट्टी.'

कार्यालयातली लग्नं रामीबाईनं पाहिली होती. डीजेच्या भिंतीपुढे तिला उभं केलं होतं, माइक दिला होता, आणि तिनं सूर लावल्यावर मॅनेजर घड्याळ दाखवत आला होता. तिथे बबिताचा ढावलो होणार नाही हे तिला त्याच क्षणी कळलं. पाहुणे गेल्यावर तिनं लखीरामला सांगितलं, 'खदान बंद झाली पाह्यजे. लगनाच्या आंदी.'

'तुह्यानं होते का ते?' लखीराम म्हणाला. 'पाच अर्ज देले आपल्या तांड्यानं.'

'अर्ज देले. कोनी जाऊन बसलं नाई.'

ती जाऊन बसली. पण ती पोचली त्या आठवड्यात नगरपंचायतीला वेगळीच गडबड होती. वरून कागद आला होता. शहराच्या कारभारात सर्व समाजघटकांचा सहभाग दिसला पाहिजे. महिला, अपंग, आदिवासी, भटके, सगळे. जी नगरपंचायत हे उत्तम करून दाखवील तिला विभागात पुरस्कार. 'दिसला पाहिजे' असं लिहिलं होतं, 'असला पाहिजे' असं लिहिलेलं नव्हतं, आणि सरकारी कागद वाचण्यात अध्यक्ष पुंडलिकरावांचं आयुष्य गेलेलं. शेती कापसाची, पण पीक राजकारणाचं. त्यांनी लगेच मोहिमेला नाव दिलं: 'सर्वांचं हिवरदरी'. कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी अपंगांसाठी उतार बांधला आणि तो इतका चांगला झाला, की त्यावर सगळ्यांनी मोटारसायकली लावल्या.

मुख्याधिकारी मैत्रेयी मॅडम मात्र मनापासून झटत होत्या. साताऱ्याकडच्या, वय तिशीच्या आत, पहिलीच नेमणूक. खोटेपणाचा लवलेश नसलेली मुलगी. पुंडलिकरावांशी भांडता तरी येतं. अशा चांगल्या माणसांशी काय करावं हेच कळत नाही. घंटागाडीवरची सूचना गावातल्या सगळ्या भाषांत वाजावी, ही कल्पना त्यांची. मराठी झाली, हिंदी झाली. कोलामीसाठी माणूस शोधायला कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जावं लागलं असतं आणि त्या दिवशी जीप बंद होती, तेव्हा कोलामी राहिली. गोरबोलीसाठी तांड्याचा नगरसेवक उत्तमसिंग माणूस शोधत होता, आणि नेमकी बाकावर फेटिया-कांचळीतली रामीबाई येऊन बसलेली. उत्तमसिंगला देव पावल्यासारखं झालं.

'काकी, मॅडमले भेटाचं हाय ना? चाल, मीच नेतो.'

मैत्रेयी मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. रामीबाईसाठी आजवर कोणी साहेब उठून उभा राहिला नव्हता. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, कांचळीवरचे आरसे कौतुकानं पाहिले.

'आजी, तुमच्या भाषेला या शहरात मान मिळायला हवा,' त्या म्हणाल्या. 'रोज सकाळी सगळ्या गावाला तुमचा आवाज ऐकू आला तर?'

'मह्या आवाजाचं मंग पाहू,' रामीबाई म्हणाली. 'खदानीतला कचरा हलवता का? पोरीचं लगन हाय. पाव्हने इथं जेवत नाई म्हनते.'

मॅडमनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. 'हलवून टाकू ना मावशी. नवी जागा पाह्यलीच हाय. पोरगी तुमची तशी आमची. लगनाच्या आंदी तिकडं कचरा दिसला तर मले सांगजा.'

पुन्हा तोच शब्द, दिसला. रामीबाईनं तो ऐकला, पण पकडला नाही. तिला खदान बंद झाल्यासारखीच वाटली.

ध्वनिमुद्रण तिथेच, मॅडमच्या केबिनमध्ये झालं. पंखा बंद केला, शिपायाला बाहेर उभं केलं, मोबाइल टेबलावर ठेवला. मराठी मजकूर होता: माता-बंधूंनो, गाडी आली आहे, कचरा घेऊन या. रामीबाईनं तो आपल्या बोलीत केला, 'याडी-बापू, गाडी आयी छ, कचरो लेन आवो.' बोलली ती बाजारात वांगी महाग झाल्याचं सांगावं तशी.

'छान,' मॅडम म्हणाल्या. 'पण थोडं सपाट होतंय. तुमच्या एखाद्या पारंपरिक चालीत म्हणता येईल? लोक थांबून ऐकतील असं.'

रामीबाई विचारात पडली. लोक थांबून ऐकतील अशी एकच चाल तिच्या गळ्यात होती. बाकी सणाची, नाचाची गाणी दुसऱ्या बायका म्हणायच्या. तिनं आयुष्यभर एकच हाक घातली होती. आणि मजकूरही काय सुरू होत होता? याडी, बापू. तिनं ठरवून काही केलं नाही. डोळे मिटले, श्वास घेतला, आणि गळा आपल्या रोजच्या वाटेनं गेला. 'याडी... बापू...' वर चढत, वर जाऊन थरथरत, आणि मग हळूहळू खाली उतरत, 'गाडी आयी छ...' शेवटचं 'आवो' तिनं इतकं लांब ओढलं, की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला.

मैत्रेयी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उत्तमसिंगला मात्र सांगता आलं असतं. त्याच्या दोन्ही बहिणी याच सुरावर सासरी गेल्या होत्या. तो खिडकीपाशी उभा होता, चेहरा पडला होता, आणि त्याचं तोंड एकदा उघडून मिटलं. पुढच्या वेळी वॉर्ड राखीव राहील की नाही याचा भरवसा नव्हता, तिकीट पुंडलिकराव देणार होते, आणि मॅडम खूश होत्या. एक माणूस त्या खोलीत असा होता, की ज्यानं 'काकी, हे नको' म्हटलं असतं तर सगळं थांबलं असतं. तो गप्प राहिला. प्रतिनिधित्व म्हणतात ते हेच असावं.

घरी आल्यावर तिनं लखीरामला म्हणून दाखवलं. म्हाताऱ्यानं बिडी विझवली.

'रडाची चाल कचऱ्याले देली?'

'देली नाई. निंगाली.'

'वापस माग.'

'खदान बंद होऊन राह्यली,' ती म्हणाली. 'येवढ्यानं काय होते? गावातल्या लोकाईले काय समजते ढावलो?'

तिचं म्हणणं खरंच होतं. गावातल्या लोकांना खरोखरच काही समजलं नाही. मोहिमेचं उद्घाटन झालं, पुंडलिकरावांनी आपल्या शहराच्या विविधतेवर भाषण केलं, रामीबाईला शाल आणि नारळ मिळाला. नारळ तिला नेहमीच मिळत आला होता, त्यामुळे त्यात तिला वावगं वाटलं नाही. बसस्टँडसमोर फलक लागला. त्यावर डावीकडे पुंडलिकराव, उजवीकडे हसणारी रामीबाई, खाली 'आमची बोली, आमचा अभिमान'. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गावात ती हाक फिरायला लागली. देशमुखांच्या आळीत, बँक कॉलनीत, मारवाडी गल्लीत, जिथे गोरबोलीचं अक्षर सहसा कोणाला येत नव्हतं तिथे गाडी थांबायची आणि रामीबाई आईबापांना हाका मारायची. बायका ओल्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन बाहेर यायच्या. ही बोली जिथे घरोघरी समजत होती त्या एकाच वस्तीत गाडी जात नव्हती.

हळूहळू पोरं तिला ओळखायला लागली. बाजारात गेली की कोणीतरी मागून सूर काढायचं. भाजीवाला म्हणायचा, 'या, गाडीवाल्या आजी.' रामीबाईनं एकदोघांना आपल्या पद्धतीनं शिव्या हासडल्या, त्याही गोरबोलीत, तर त्यांना त्याही गाण्यासारख्याच वाटल्या. दिग्रसकडून एका तांड्यानं सांगून ठेवलं होतं, त्यांची गाडी आली नाही. फोन केला तर म्हणाले, इथल्याच एका बाईनं केलं, तुम्हाला कशाला त्रास. ती समजायचं ते समजली. पण दात आवळून बसली, कारण खदान बंद होणार होती आणि बबिताचा एक ढावलो झाला, की पुढे तिला काही नको होतं.

एक मात्र सुख तिला या सगळ्यात मिळालं, आणि ते सांगायला हवं. तिची थोरली नात, लेकीची लेक प्रियंका, लग्न होऊन हिवरदरीतच बँक कॉलनीत भाड्यानं राहत होती. तिची पोरगी पिहू तीन वर्षांची. घरात मराठी, टीव्ही हिंदी, बालवाडी इंग्रजी. गोरबोली प्रियंकानं मुद्दामच शिकवली नव्हती. शाळेत हसतात म्हणाली. रामीबाई गेली, की पणती तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तशी पाहायची. पण त्या दिवशी रामीबाई सकाळीच गेली होती, बाहेर गाडी आली, हाक झाली, आणि पिहू हातातली बिस्किटं टाकून उठली. मोरीतली लाल बादली दोन्ही हातांनी ओढत दारात गेली आणि चालीसकट म्हणाली, 'याडी... बापू... गाडी आयी छ.' उच्चार लख्ख, तांड्यातल्या पोरीसारखे.

'रोज करते,' प्रियंका म्हणाली. 'तुह्या आवाजाबगर बादली उचलत नाई. दुसरी गाडी आली तर जात नाई.'

रामीबाईनं पोरीला उचलून घेतलं आणि तिचे इतके मुके घेतले, की पोरगी रडायला लागली. आपल्या चौथ्या पिढीच्या तोंडी आपली बोली आली होती, मग ती कशी का येईना. त्या एका वाक्यापलीकडे पिहूला गोरबोलीतलं काही येत नव्हतं, हे तिच्या तेव्हा मनात आलं नाही.

कार्तिक गेला, लग्न जवळ आलं. खदानीत कचरा पडतच होता. रामीबाई पुन्हा कार्यालयात गेली. या वेळी बसायला बाक होता, पाणी होतं, पण उठून उभं राहणारं कोणी नव्हतं. मॅडम पुरस्काराच्या सादरीकरणाला अमरावतीला गेल्या होत्या. पुंडलिकराव भेटले. ते म्हणाले, 'शब्द देला म्हंजे देला, मावशी. उद्या मान्सं पाठवतो.'

उद्या माणसं खरोखरच आली. त्यांनी खदानीच्या कडेनं पत्रे उभे केले, पत्र्यांवर हिरवी जाळी ताणली, आणि यवतमाळहून आलेल्या पेंटरनं रस्त्याकडच्या बाजूवर फेर धरून नाचणाऱ्या बंजारा बायका रंगवल्या. आरसे, घुंगरू, सगळं हुबेहूब. वर लिहिलं, 'सर्वांचं हिवरदरी'. गाड्या मागच्या बाजूनं आत जायला लागल्या. वास कमी व्हावा म्हणून पांढरी पावडर मारली. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हे. इथे निदान पानं रंगीत होती. रामीबाई त्या रंगवलेल्या बायकांसमोर उभी राहिली. त्यांच्यातल्या एकीचंही तोंड उघडं नव्हतं. सगळ्या नुसत्या हसत होत्या.

पण पुसदचे पाहुणे तारीख धरायला आले आणि मुलाच्या मामाला ती भिंत आवडली. त्यानं तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. 'आता कसं बरं दिसून राह्यलं,' तो म्हणाला. 'करा लगन इथंच.' तेव्हा रामीबाईला वाटलं, चला, वास कोंडला काय आणि गेला काय, आपल्याला हवं होतं ते मिळालं. त्याच आठवड्यात नगरपंचायतीला सर्वसमावेशक कारभारासाठी विभागात पहिला क्रमांक मिळाल्याची बातमी आली. पेपरात फोटो आला तो त्याच भिंतीचा.

लग्न झालं. मांडव पडला, पंगती बसल्या, वारा सुदैवानं उलट्या दिशेचा होता. लखन पुण्याहून आला होता आणि मुलगी एवढी मोठी झाली कधी, अशा चेहऱ्यानं सगळीकडे फिरत होता. उत्तमसिंग झब्बा घालून पाहुण्यांची ऊठबस करत होता. उन्हं कलली, नवऱ्याची सजवलेली गाडी मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली, आणि बायकांनी बबिताला मधोमध आणून उभं केलं. तिच्या तोंडावर ओढणी होती. पावसाळाभर म्हशीपुढे उभं राहून तिनं सगळं पाठ केलं होतं, आईची जागाही. रामीबाई तिच्यासमोर आली. डीजे बंद करायला कुणाला सांगावं लागलं नाही. बायका सरकून जवळ आल्या, पदर आधीच डोळ्यांपाशी गेले. लखीराम लांब बैलांच्या गोठ्यापाशी पाठ करून उभा राहिला, कारण बाप्ये आपली पाळी येईपर्यंत तोंड दाखवत नाहीत.

रामीबाईनं नातीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

'याडी... बापू...'

हाक वर चढली. इतकी नितळ ती कित्येक वर्षांत चढली नव्हती. बबिताचे खांदे तिच्या हाताखाली थरथरले, पोरगी पुढे झुकली. आणि तेवढ्यात पंगतीच्या बाजूनं काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. उष्ट्या पत्रावळी टाकायची प्लॅस्टिकची बादली दोन्ही हातांनी ओढत, धापा टाकत, बायकांच्या पायांतून वाट काढत पिहू येत होती. नवा फ्रॉक वरणानं माखला होता. उशीर झाला तर गाडी निघून जाते हे तिला माहीत होतं.

'गाडी आयी छ,' ती ओरडून सगळ्यांना सांगत होती. 'कचरो लेन आवो.'

आधी मुलाच्या बाजूचं कोणीतरी फिसकलं. मग पोरं. मग पदराआड बायका, ज्यांना हसायचं नव्हतं त्यासुद्धा. प्रियंका पोरीला धरायला धावली आणि तिलाच हसू आवरेना. उत्तमसिंगनं मान खाली घातली. रामीबाईनं डोळे उघडले नाहीत. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा सूर लावला, 'याडी...', आणि हसण्याची दुसरी लाट पहिल्यापेक्षा मोठी आली. या वेळी तिच्या हाताखालचे खांदेही हलत होते. तिला वाटलं पोरगी रडायला लागली. तिनं ओढणी वर केली. बबिता ओठ दाताखाली दाबून हसत होती, डोळ्यांत आजीची माफी मागत होती, आणि तरीही हसत होती.

'दादी, म्या नाई वो,' ती कशीबशी म्हणाली. 'थे पिहू...'

'म्हन, म्हन पुढं,' मागून कुणी म्हातारी म्हणाली. 'होते असं. म्हन.'

रामीबाईनं तोंड उघडलं. गळ्यातून काही येण्याआधी तिला स्वतःलाच कानात गाडीची घंटा ऐकू आली, देशमुखांची आळी दिसली, बादल्या दिसल्या. तिनं तोंड मिटलं. बबिताच्या खांद्यांवरचे हात काढले, तिची ओढणी नीट केली.

'जाय,' ती म्हणाली. 'झालं.'

मामा घड्याळ बघत होता. बबिताला गाडीत बसवलं. काच खाली करून तिनं हात हलवला. चेहऱ्यावर मघाचं हसू अजून पुरतं मावळलेलं नव्हतं. गाडी रंगवलेल्या भिंतीवरून वळून पुसदच्या रस्त्याला लागली. हेमला नायकाच्या तांड्यातून हसत सासरी गेलेली ती पहिली पोरगी.

बायका पांगल्या. कोणीतरी डीजे लावला. पिहू मात्र बादली धरून तिथेच उभी होती, इकडे तिकडे पाहत. हाक झाली होती, ती बादली घेऊन आली होती, आणि गाडी कुठे दिसत नव्हती. मग तिला समोर तो आवाज दिसला. तिनं सगळा जोर लावून बादली उचलली आणि रामीबाईपुढे धरली.

'घे ना, आजी,' ती म्हणाली.

रामीबाईनं बादली घेतली. पत्रावळी ओल्या होत्या, जड होत्या. ती बादली घेऊन रस्ता ओलांडून भिंतीपर्यंत गेली, पत्र्यांमधल्या फटीतून आत शिरली आणि खदानीत रिकामी करून परत आली.